अनाहतातला ह

कळंबची माणसं शब्दाच्या पोटातला ‘ह’ गिळून टाकतात, हे विमलला लग्न होऊन आली त्या दिवशीच कळलं होतं. ती उंबऱ्यावरचं माप ओलांडत होती आणि मागून कुणीतरी ओरडलं, “पयला उजवा पाय टाक गं!” पुण्याच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली विमल तेव्हा पदराआड हसली होती. पहिला तो पयला, राहिला तो रायला, आम्ही ते आमी. पुढे हसू ओसरलं, कान सरावला. धाकट्या जावेला मुलगी झाली तेव्हा तान्हीची तानी झाली आणि विमलही तिला तानीच म्हणू लागली. एवढं सगळं जिच्या कानाने टिपलं होतं, तिनेच एका दुपारी भरल्या घरात नको तो शब्द उच्चारला. पुढे जे झालं ते सगळं त्या गिळलेल्या ‘ह’मुळे, असं म्हणून ती सुटू शकली असती. पण खरं काय ते तिला ठाऊक होतं.

विमलचा नवरा सहदेव खोपोलीच्या वीजघरात कामाला होता. शनिवारी यायचा, रविवार घरी काढायचा आणि सोमवारी अंधारातच बैलगाडीने नेरळ गाठायचा. दुसरी मोठी लढाई संपून गेली होती, तरी साखर आणि रॉकेल अजून रेशनवरच मिळत होतं. घरात सासू भागूबाई, शेत बघणारा धाकटा दीर हिरामण, त्याची बायको गोदा, आणि विमलचा आठ महिन्यांचा गजा.

गजाला विमल किती जपायची, याच्या गोष्टी आळीत चवीने सांगत. तो झोपला की ती त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघे. दुपट्यावर माशी बसली की दुपटं उकळत्या पाण्यात. कुणी मुका घ्यायला वाकलं की हिचा हात मध्ये. भागूबाई म्हणायच्या, “अगं, पोर हाय का लोणच्याची बरणी? सारकी उघडून बगशील तर नासंल ते.” विमल हसायची आणि पुन्हा बोट धरायची.

या जपण्याचा त्रास तिलाही कमी नव्हता. बाळंतपणानंतर तिच्या छातीत धडधड सुरू झाली होती. खांदे आपोआप पुढे येत, श्वास वरच्या वर अडके. कर्जतच्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली आणि हृदयात काही नाही म्हणाले. तेव्हा हृदयात नाही म्हणजे आणखी कुठेतरी असणार, या विचाराने तिची आणखी एक झोप गेली. शेवटी तिला पुण्यातले म्हातारे योगशिक्षक आठवले. विमलच्या गल्लीतल्या मुलींना ते सकाळी आसनं शिकवायचे. पाठीच्या कण्यावर चक्रं कशी ओवलेली आहेत, खाली तीन, वर तीन आणि मध्ये छातीशी अनाहत, ते त्यांनी तिला पाटीवर काढून दाखवलं होतं. विमल मागच्या पडवीत पहाटे बसू लागली. एक हात छातीवर ठेवायचा, ‘यं’ हा त्याचा बीजमंत्र मनात म्हणत श्वास खाली उतरू द्यायचा, आणि छाती दाराच्या फळ्यांसारखी उघडते आहे असं पाहायचं. आठवड्याभरात खांदे सैल झाले. धडधड येई, पण बसून राहत नसे. तिचा विश्वास बसला, आणि तो काही खोटा नव्हता.

खोटेपणा दुसरीकडेच होता.

गोदा कशेळ्याच्या मामाकडे वाढलेली. तिला पाजत असतानाच तिची आई वारली, बाप हिवतापाने गेला. मामा-मामींनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली, पण गावाला नावं ठेवायची झाली की बोट दाखवायला एवढी एकच जागा होती: अनाथ पोर. कळंबला ती सून होऊन आली आणि कामाने सगळ्यांची तोंडं बंद केली. मग तानी झाली. बाळंतपणात गोदाला ताप भरला, तो उतरता उतरेना. उतरला तेव्हा अंगावर दूध नव्हतं. भागूबाईंनी अळीव घातले, खसखशीची पेज घातली, बाजरीची खीर घातली. तानी ओढायची, दोन थेंब मिळायचे, मग चिडून तोंड फिरवायची आणि सारं घर डोक्यावर घ्यायची.

अशाच एका दुपारी भागूबाई तानीला घेऊन विमलच्या पुढ्यात येऊन बसल्या.

“विमल, तुला उतू जातंय. एक वक्त हिला लाव की गं. आमच्यात काय नवं नाय. हिरामणाला शेजारच्या सोनाबायनं पाजलाय, इचार तिला.”

तानी त्यांच्या मांडीवर रडत होती. बारीक, कोरडं, थकलेलं रडणं. ते कानावर पडलं आणि विमलच्या दोन्ही छात्यांत कळ उठली. पान्हा सुटला. चोळी पुढून ओली झाली. दुसऱ्याचं मूल रडलं तरी बाईचं अंग असं उत्तर देतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने झटकन पदर ओढून दोन्ही हात छातीवर आवळले.

“आत्याबाई, गोदाला ताप होता ना? तो पोरीत उतरला असला तर गजाला बाधेल. आणि असं दोघांना एका अंगावर पाजू नये. पुस्तकात आहे.”

“पुस्तकात हाय?” भागूबाईंनी तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. “मग रायलं.”

त्या उठल्या आणि तानीला घेऊन गेल्या. पुस्तकात असं कुठेच नव्हतं. अंग हो म्हणालं होतं, तोंड नाही म्हणालं होतं, आणि मध्ये पदर होता. दाराशी गोदा उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. त्या रात्री विमलने स्वतःला समजावलं की गजाच्या काळजीपोटी केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पडवीत बसली, हात छातीवर ठेवला, पण श्वास काही खाली उतरला नाही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. ओटीवर आळीतल्या सगळ्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. तिळगूळ वाटून झाला, सोनाबाईंची उखाण्यांवरून तिघींची खोडी काढून झाली, आणि भागूबाईंनी अभिमानाने जाहीर केलं, “माजी सून कालिजात शिकलीय. आज ती चार शब्द सांगंल.”

“सांग गं विमल,” सोनाबाई म्हणाल्या. त्या साठीच्या होत्या, जिभेला धार आणि हाताला माया. “पर विंग्रजीत नको सांगू. माजा नवरा बी मला कळत नाय, तो तर मराठीत बोलतो.”

हशा पिकला. विमलला धीर आला. ती छातीच्या चक्राबद्दल सांगू लागली. हीच गोष्ट भागूबाईंच्या भाषेत सांगायला शब्द होता, हृदयकमळ. एकादशीच्या भजनात म्हणायच्या त्या. विमलच्या ओठांवर तो आलाही होता. पण समोर पंचवीस-तीस बायका कान टवकारून बसल्या होत्या, आणि हृदयकमळ म्हटलं तर त्यात शिकलेली सून काय ते कुणाला दिसणार? ती म्हणाली, “त्याला अनाहत चक्र म्हणतात.”

तिने छान सांगितलं. बारा पाकळ्या, वायूचं तत्त्व, काळजीने माणूस कसं पुढे वाकतं, श्वास कसा आखडतो, झोप कशी उडते. बायका मान डोलवत होत्या. एकीने खांदे मागे घेऊन पाहिले. विमलला बोलण्याचा ओघ सापडला होता आणि ओघात ती म्हणून गेली, “हे चक्र मिटलं की मायेचा ओलावा आटतो. लेकुरवाळीचा पान्हासुद्धा आखडतो.”

आणि तिने गोदाकडे पाहिलं.

एवढंच झालं. डोळे गेले, परत आले. पण ओटीवरचे सगळे डोळे त्यांच्या मागोमाग गेले आणि परत आले नाहीत. गोदा खांबाला टेकून बसली होती, मांडीवर तानी. तिने मान खाली घातली आणि तानीच्या अंगावरचं धडूतं सारखं केलं, ते आधीच सारखं होतं.

विमल पुढे बोलत राहिली. गुरुजींनी सांगितलेली एक गोष्ट मात्र ती बोलली नाही. या चक्राचा गुण स्पर्श, आणि हात ही त्याची दारं, असं ते म्हणायचे. मांडीवर घेतल्याशिवाय, हात फिरवल्याशिवाय नुसत्या श्वासाने ते उमलत नाही. ते घाईत सांगायचं राहून गेलं, असं तिने नंतर मनाशी म्हटलं.

पुढचे काही दिवस विमलचं डोकं थोडं वरच होतं. पाणवठ्यावर बायका तिला वाट देत. येसाजीच्या सुनेने तर छातीवर हात ठेवून विचारलं, “विमलबाय, माजं चक्र बगता का? नवरा घरी आला का लय फिरतं.” विमल हसली. कुणी गोदाचं नाव काढलं की बायका आवाज खाली आणत, हे तिच्या लक्षात आलं. तिच्या लक्षात सगळंच यायचं. पण त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही.

तानी मात्र वाळत चालली होती. गोदा तिला कापसाच्या वातीने शेळीचं दूध चोखायला द्यायची. पोरीला जुलाब लागले. टाळू खोल गेली. विमल गजाच्या नाकापुढे बोट धरायची आणि शेजारच्या खोलीतलं रडणं ऐकायची. ते दिवसेंदिवस बारीक होत होतं. रडणं बारीक झालं की तिचा पान्हा आणखी जोरात यायचा. ती चोळीत फडकी घालू लागली.

एक दिवस सकाळी ती गजाची दुपटी वाळत घालायला परसात गेली. केळीच्या मागे गोदा पाठमोरी उकिडवी बसली होती. विमलला वाटलं, तिला ओकारी आली असावी. जवळ गेली तर गोदाची चोळी सुटलेली होती आणि ती दोन्ही हातांनी छाती पिळत होती. दूध केळीच्या बुंध्याशी, राखेत पडत होतं. दोन थेंब नव्हे, चांगली धार.

“गोदा! हे काय करतेस?”

गोदाने वळूनही पाहिलं नाही. “सांडते.”

“अगं, दूध येतंय तुला!”

“येतंय. आत्याबाईंचं अळीव लागू पडलं, हळदीकुकवानंतर लागलं यायला. तटतटून येतं, म्हणून सांडते.”

“आणि पोरीला शेळीचं पाजतेस?”

“शेळीला तरी आयबाप होतं,” गोदा म्हणाली.

विमलला काही कळेना. तिने गोदाचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवलं. गोदाचे डोळे कोरडे होते. छाती दुखून लाल झाली होती.

“नीट सांग, काय झालंय?”

“तुमीच सांगितलं, जाऊबाई, आनी आता मलाच इचारता?”

“काय सांगितलं मी?”

“ज्या बाईच्या छातीत अनाथ चक्र असतं, तिचा पान्हा आखडतो, आनी आला तरी पोराला भोवतो. बारा पाकळ्यांचं असतं. बारा पाकळ्या म्हंजे बारा वर्सं. बारा वर्साच्या आत त्या पोराची आय जाती, पोर उघडं पडतं. माज्या आयनं मला पाजलं आनी गेली. तिच्यातलं दुधातनं माज्यात आलं. माज्यातलं तानीत जाईल.” तिने चोळीची गाठ मारली. “मी नाय पाजायची. माज्या जिवाचं काय बी होवो. पर तिला माज्यासारकं कुनाच्या दारात वाढायला नको.”

विमलच्या कानात रक्त वाजू लागलं. अनाथ. तिने उच्चारलेला शब्द ओटीवरून उतरताना कुठेतरी आपला ‘ह’ टाकून आला होता, आणि आळीभर फिरून, बारा वर्षांचं शेपूट लावून, या एका पोरक्या बाईच्या छातीत जाऊन बसला होता.

“अनाथ नाही गं! अनाहत! अ-ना-ह-त!”

“तेच की,” गोदा म्हणाली. “अनात.”

विमलने पुन्हा म्हटलं, ‘ह’वर जोर देऊन, घशातून श्वास काढून. गोदा ऐकत राहिली. तिच्या कानाला दोन्ही एकच होतं. एरवी विमलला हसू आलं असतं.

“अगं, त्याचा आईबापाशी काही संबंध नाही. अनाहत म्हणजे न आपटता होणारा आवाज. टाळ वाजायला टाळावर टाळ आपटावा लागतो ना? हा आत आपोआप वाजतो. अनाहत म्हणजे... म्हणजे ज्याला मार बसलेला नाही असं काहीतरी. ते प्रत्येकाच्या छातीत असतं.”

गोदाने तिच्याकडे नवलाने पाहिलं. “मार न बसलेलं? बाईमानसाच्या छातीत?” ती किंचित हसली. “असंल, शिकलेल्यांच्या.”

“गोदा, माझ्यावर विश्वास ठेव. चुकीचं ऐकलंय तुम्ही सगळ्यांनी.”

“ऐकलं चुकीचं, मग बगितलं कसं चुकीचं? तवा तुमी माज्याकडं बगितलंत.”

विमलची नजर राखेकडे गेली.

“आनी त्याच्या बी आधी, आत्याबाई तानीला घेऊन आल्या तवा तुमी तिला शिवला नाय. तुमाला तवाच ठावं होतं. चांगल्या मानसानं तोंडावर बोलायचं नाय म्हून तापाचं सांगितलं. मला राग नाय आला, जाऊबाई. तुमचं बी पोर हाय.” गोदा उठली, राखेवर पायाने माती लोटली. “दुपारी हे गाडी जुंपतायत. मामीचं धाकटं अजून अंगावर पितं, तिच्याकडं दूध हाय. तानीला तिच्या वटीत टाकून येते.”

कशेळं काही लांब नव्हतं, पण रस्ता खड्ड्यांचा, ऊन डोक्यावर, आणि पोरीचं अंग सुतासारखं झालेलं. गाडीत तानीचं काय होईल ते विमलने मनात पाहिलं आणि तिला धाप लागली. तिचा हात सवयीने छातीवर गेला. तिने तो खाली घेतला. लाज वाटली त्या हाताची.

ओटीवर भागूबाई, सोनाबाई आणि आणखी चार-पाच जणी वाल सोलत बसल्या होत्या. मोड आलेले वाल पाण्यातून काढायचे, चिमटीत दाबायचे, की साल एकीकडे आणि डाळिंबी एकीकडे. अंगणात हिरामण गाडीत पेंढा पसरत होता. विमल जाऊन उभी राहिली.

“आत्याबाई, त्या दिवशी मी सांगितलं त्यात गैरसमज झालाय. मी अनाहत म्हणाले होते. अनाथ नव्हे. उच्चारात ‘ह’ आहे, तो तुम्हाला ऐकू आला नाही, म्हणून...”

“म्हंजे आमच्या कानांचा दोस,” सोनाबाई म्हणाल्या. त्यांनी एक वाल चिमटीतून उडवला. “बरं. कान म्हातारं झालं. पर डोळं हायत अजून. तू गोदीकडं बगितलंस का नाय?”

विमलने खालच्या सोलकटांकडे पाहिलं.

“बगितलंस. आमी आंधळ्या नाय. तू बगितलंस म्हून आमी बगितलं. शिकलेली बाय उगंच बगंल व्हय कुनाकडं? म्हून आमाला खरं वाटलं.”

बाकीच्या बायकांचे हात चालूच होते, पण कुणी वर पाहत नव्हतं. विमलला वाटलं, आत निघून जावं. दार लावावं. गजाला कुशीत घेऊन पडावं. ‘ह’चं सांगून झालंय, ते पुरे. तेवढ्यात आत तानी रडली. रडली म्हणजे कुंथली. आणि विमलची चोळी फडक्यासकट भिजली.

तिचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. पाच-सहा बायकांसमोर तो डाग पसरत गेला आणि तिने तो झाकला नाही.

“मी पाहिलं,” ती म्हणाली. “कारण मला टोचत होतं. आत्याबाई, तुम्ही तानीला घेऊन आलात, तेव्हा मला असाच पान्हा फुटला होता. मी पदराने झाकला. पुस्तकात काही नाही. मी खोटं बोलले. माझ्या गजाला कमी पडेल, त्याला काही होईल, एवढंच होतं मनात. तिच्या अंगात काही नव्हतं. आखडलं ते माझं, आणि नाव मी तिचं घेतलं. चारचौघींत घेतलं, म्हणून चारचौघींत सांगतेय.”

सोलकटं ओलसर वास सोडत पडली होती. भागूबाई सुनेकडे बघत होत्या. त्या दिवशी ‘पुस्तकात हाय?’ म्हणून बघितलं होतं, तसंच. त्यांना तेव्हाच कळलं होतं, हे विमलला आत्ता कळलं. ती शरमेने भाजून निघाली.

गोदा दारात येऊन उभी होती. कडेवर धडुत्यात गुंडाळलेली तानी, हातात बोचकं.

“चांगलं बोलता जाऊबाई,” ती हळूच म्हणाली. “माजी समजूत काढायला बोलता. तुमचं मन मोठं हाय. पर माज्या दुधात काय हाय ते मला ठावं.”

शब्दांनी काम होणार नव्हतं. शब्दांनीच तर झालं होतं. विमल आत गेली. गजा नुकताच उठून पाळण्याची दोरी चावत बसला होता. तिने त्याला उचलला. क्षणभर त्याचं डोकं हनुवटीखाली दाबून धरलं. गोदाचे हात राखेतले, छातीला मातीचे डाग, तो ताप, ते जुलाब, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. पाय पुढे टाकवेना. मग ती बाहेर आली आणि गोदाच्या हातातलं बोचकं घेऊन खाली ठेवलं.

“बस.”

“काय?”

“बस खाली. तानीला माझ्याकडे दे आणि याला घे. पाज.”

ओटीवरचे सगळे हात थांबले. सोनाबाईंच्या चिमटीतला वाल तसाच राहिला.

“जाऊबाई, नको! गजाला...”

“तुझ्या दुधात काही असेल तर ते याला होईल. माझ्या एकुलत्या एकाला. घे.”

गोदाने हात मागे घेतले. गजा मात्र त्या दिवशी शहाण्यासारखा वागला, म्हणजे हावऱ्यासारखा. त्याला उठल्यापासून काही मिळालं नव्हतं आणि समोर दुधाचा वास होता. तो आईच्या हातातून पुढे झेपावला आणि काकीची चोळी मुठीत धरून ओढू लागला.

“घे गं बाय,” सोनाबाई म्हणाल्या. “पोराला कळतंय, तुला कळंना? हिरामणाला मी पाजला, तवा माजी बी आय मेलेलीच होती की.”

गोदा बसली. गजाने तोंड लावलं. आठ महिन्यांचा, दोन दातांचा गडी, असा ओढायला लागला की गोदा कळवळली, “आय गं! चावला मेला!” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही बाजूंनी दूध धरेना. दुसरीकडचं लुगड्यावर ओघळू लागलं.

“सांडू नको,” भागूबाई म्हणाल्या. “आता एक थेंब सांडशील तर बग.”

विमलच्या मांडीवर तानी होती. पहिल्यांदाच. हिला वजनच नव्हतं. कोरडे ओठ, छातीवरच्या बरगड्या मोजाव्यात अशा. विमलने तिला लावलं. पोरीला ओढायचा जोर नव्हता, तेव्हा तिने दोन बोटांनी दाबून धार तिच्या तोंडात सोडली. तानी ठसकली, गिळली, आणि मग जीभ हलवू लागली.

अंगणातून हिरामणने विचारलं, “आये, गाडी जुंपू का नको?”

“बैलांना पेंढा घाल,” भागूबाई म्हणाल्या, “आनी तिकडं तोंड करून बस.”

थोड्या वेळाने भागूबाई उठल्या आणि त्यांनी गजाला गोदापासून सोडवला. तो ओरडला. त्यांनी तानीला विमलकडून घेऊन गोदाच्या मांडीवर दिलं. गोदाने पोरीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि शेवटी विमलकडे.

“त्याला काय नाय ना झालं?”

“बघ की,” विमल म्हणाली.

गजा आजीच्या हातात पाय झाडत होता, हनुवटीवर दूध, गाल लाल. गोदाने तानीला छातीशी घेतलं. वाट मोकळी झालेली होती. तानीला ओढावं लागलंच नाही.

सोनाबाईंनी पुन्हा वाल सोलायला घेतले. “विमल,” त्या खाली बघत म्हणाल्या, “तुज्या त्या चक्राला साधं नाव नाय काय गं?”

“आहे,” विमल म्हणाली. “हृदयकमळ.”

“मग मेले, तेच सांगायचं!” सोनाबाईंनी एक साल तिच्या अंगावर फेकली. “ते आमाला ठावं हाय. भजनात हाय.”

बायका हसल्या. विमलनेही हसायचा प्रयत्न केला. गोदा तानीच्या पाठीवरून हात फिरवत होती, मानेपासून खाली, पुन्हा मानेपासून खाली. गुरुजी म्हणायचे ते दार हेच, असं विमलच्या मनात येऊन गेलं. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की आपण ते बघत नाही आहोत. आपण गजाच्या तोंडाकडे बघतो आहोत. त्याचा श्वास नीट चाललाय ना, ओठांवर काही उठलंय का, ते निरखतो आहोत. गोदाने त्याला लावताना छाती पुसली होती का, ते आठवतो आहोत.

गोदाने मान वर केली. तिने विमलची नजर कुठे होती ते पाहिलं. तिला कळलं. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

“पुसली होती जाऊबाई,” ती म्हणाली. “पदरानं.”

विमलचं तोंड कानापर्यंत पेटलं. ती उठली, ओटी उतरली आणि गोदाची ओली बाजू पुसायला आपलं धुतलेलं, उन्हात वाळलेलं फडकं घेऊन आली. गोदाच्या हातात न देता ती तिच्याजवळ बसली आणि स्वतः पुसू लागली. गोदाने तिचा हात बाजूला केला नाही.